माझ्यावाचून

परदेशात धर्मसेवेला आलेल्या तरुण धर्मगुरूला पहिल्या दिवसापासून मान मिळतो. तो कमवावा लागत नाही. होडी काठाला टेकायच्या आत मुलं सामान उचलायला पाण्यात उतरतात, म्हातारी माणसं उठून उभी राहतात, ज्या घरात धड दोन भांडी नाहीत त्या घरात कोंबडं कापलं जातं. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीकाठी मी हे सतत अनुभवतो. हा मान नेमका कोणाचा, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

माझा तर तो नाहीच. आमच्या संघाची पहिली माणसं १८९६ मध्ये ऐतापेजवळच्या तुमलेओ बेटावर उतरली. त्यांच्या मागून आलेल्यांपैकी कितीतरी जण ऐन तारुण्यात हिवतापाने गेले. १९४३ मध्ये वेवाकचे बिशप योसेफ ल्यॉर्क्स, त्यांच्या सोबतचे धर्मगुरू, ब्रदर आणि सिस्टर यांना जपानी नौदलाने ‘आकिकाझे’ नावाच्या विनाशिकेवर नेऊन ठार मारलं. गावातली माणसं माझ्यासाठी उठून उभी राहतात ती या मेलेल्यांसाठी. त्या मरणांचं व्याज मी खातो आहे. मुद्दलात माझी भर किती, हे मला रात्रीच्या तपासणीत स्वतःला विचारावं लागतं. झोपण्यापूर्वी दिवसभराचं वागणं देवासमोर उलगडून पाहण्याची सवय सेमिनरीत लागली. तेव्हा ती मला पाठांतरासारखी वाटायची. इथे येईपर्यंत तिची धार मला कळली नव्हती.

मी वसईचा. बाहेरून आलेल्या धर्मगुरूंनी काय दिलं आणि काय मोडलं, हे घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलेल्या मुलखातला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या दोन शतकांनी आम्हाला आमची चर्चेस दिली, आमची आडनावं दिली आणि शेजाऱ्यांच्या मनात आमच्याविषयी एक प्रश्नही कायमचा ठेवला. गोव्यात १६व्या शतकात देवळं पाडली गेली. त्याच गोव्यात १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज तरुण आला, तिथली भाषा जिवाभावाने शिकला आणि त्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. पाडणारे आणि लिहिणारा एकाच धर्माचे, एकाच राजवटीच्या छत्राखाली राहणारे. मी स्वतःला स्टीफन्सचा वारस समजत इथे आलो. पण सेपिकच्या ‘हाउस तांबरान’मधल्या, म्हणजे पितरांच्या आत्म्यांच्या घरांतल्या, कोरीव मूर्ती कितीतरी गावांतून निघून युरोपच्या संग्रहालयांत गेल्या आहेत. त्या नेणाऱ्यांत मिशनरीही होते. ज्या म्हाताऱ्याच्या आजोबांनी त्यांतली एक मूर्ती कोरली तो म्हातारा आज माझ्या मिस्सेला पुढच्या बाकावर बसतो. तो काही बोलत नाही. वारसा निवडून घेता येत नाही, हे मला त्याच्याकडे पाहून उमगलं. स्टीफन्स घेतला तर बाकीचंही घ्यावं लागतं.

सगळ्यात अवघड आहे ते देणं.

माझ्या ताब्यात एक डिंगी आहे, तिला चाळीस अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर आहे, पेट्रोलची पिंपं आहेत, औषधांची पेटी आहे, शाळेच्या फीसाठी थोडा निधी आहे. नदीकाठी रस्ते नाहीत. बाळंतीण अडली, मुलाला फणफणून ताप आला, कोणाला साप चावला की माणसं माझ्याकडे येतात, कारण मोटर माझ्याकडे आहे. पेट्रोल इथे महाग आहे. कोणासाठी होडी सोडायची आणि कोणाला उद्यापर्यंत थांबा म्हणायचं, हे मी ठरवतो. मग रविवारी मी प्रवचनात काही सांगतो आणि सगळे मान डोलावतात. त्या होकारात श्रद्धा किती आणि पेट्रोल किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर ते वेगळं काढायचं साधन माझ्याजवळ नाही. ज्याच्या हातात देणं असतं त्याला खरं उत्तर मिळायची वाट फार लांबची असते.

अशा वेळी मला बाणावलीचे जोसेफ वाझ आठवतात. १६८७ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत जाफन्याला उतरले. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, सापडले असते तर जिवावर बेतलं असतं. त्यांनी तमिळ आणि सिंहली शिकून घेतलं. १६९२ मध्ये कॅन्डीला पोचले तेव्हा पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकलं गेलं. पुढे त्या शहरात देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना सोडून पळाले आणि वाझ राहिले. १७११ मध्ये कॅन्डीतच ते वारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद दिलं. सेमिनरीत आम्हाला त्यांच्या धैर्याबद्दल शिकवलं, आणि ते योग्यच होतं. आज मला त्यांच्या रिकाम्या हातांचा हेवा वाटतो. त्यांच्या मागे कोणतंही राज्य नव्हतं, पैसा नव्हता, होडी नव्हती. कॅन्डीत जो कोणी त्यांच्याकडे आला तो त्यांच्यासाठीच किंवा त्यांच्या देवासाठी आला, याची त्यांना खात्री बाळगता येत होती. मी मोटर नदीत फेकून देऊ शकत नाही. तसं केलं तर एखादी बाळंतीण जाईल. म्हणून हा प्रश्न सुटणारा नाही, तो सोबत घेऊनच जगायचं आहे.

निधी जिथून येतो तिथेही तपासणी पोचायला हवी. मी वर्षातून दोनदा देणगीदारांना पत्र लिहितो, सोबत फोटो पाठवतो. माझ्या मायभूमीतली माणसं उदार आहेत. वसईतल्या माझ्या धर्मग्रामातल्या म्हाताऱ्या मावश्या पेन्शनमधून पैसे काढून ठेवतात. त्यांना पाठवायचे फोटो निवडताना माझं बोट आपसूक कुठे थांबतं हे मी पाहिलं आहे. उघडं पोर, चिखल, गळकं छप्पर. नदीकाठच्या संध्याकाळी मासे भाजत हसणारी तीच माणसं मागे राहतात. त्या फोटोंवरून पाहणाऱ्याला वाटेल, इथे सगळे निराधार आहेत. खरी गोष्ट अशी की पापुआ न्यू गिनीतली सुमारे ९७ टक्के जमीन आजही कुळागोतांच्या परंपरागत सामाईक मालकीची आहे. माझ्या इथल्या धर्मग्रामात भूमिहीन माणूस नाही. साबुदाण्याच्या झाडांचा जंगलातला वाटा, मासेमारीची खाडी, बागेचा तुकडा, ज्याचं त्याला माहीत आहे. आणि वसईत? माझ्या लहानपणी घराच्या तीन बाजूंना केळीच्या वाड्या होत्या. आज तिथे इमारती आहेत. ज्यांनी वाड्या विकल्या त्यांची मुलं सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहतात आणि इथल्या ‘गरिबां’साठी मला पैसे पाठवतात. दवाखाना इथे खरोखर नाही, शाळेत शिक्षक खरोखर टिकत नाही, त्यासाठी पैसा लागतो हे मी लपवत नाही. पण अर्धं खरं दाखवून मिळालेला पैसा देवाच्या कामाला लावताना माझं मन खातं. यापुढच्या पत्रात हसणारे चेहरे आणि जमिनीचा तो आकडा दोन्ही जातील. देणगी कमी झाली तर होऊ दे.

इथे चेटूक मानतात. त्याला ‘सांगुमा’ म्हणतात. तरणा माणूस अचानक मेला की कोणीतरी केलं असा संशय येतो आणि पुष्कळदा तो एखाद्या एकट्या बाईवर जातो. २०१३ च्या फेब्रुवारीत माउंट हेगन शहरात एका विशीतल्या आईला याच आरोपावरून जमावासमोर जिवंत जाळलं गेलं. त्या वर्षी सरकारने १९७१ चा चेटूक कायदा रद्द केला, कारण त्या कायद्याचा आधार घेऊन मारेकरी शिक्षा कमी करून घेऊ शकत होते. या विषयावर बोलताना माझा आवाज चढतो आणि चढायलाच हवा. मात्र त्या आवाजात एक वरचढपणा येऊ पाहतो, ‘आम्ही पुढारलेले’ असा, तो मला स्वतःला ऐकू येतो. त्यावर उतारा म्हणून मी तेच वर्ष आठवतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मी त्याच शहरात तत्त्वज्ञान शिकत होतो. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. करणी, भानामती, नरबळी यांच्यासाठी माझ्या राज्याला कायदा लागला आणि त्यासाठी झटणाऱ्या माणसाला जीव द्यावा लागला. हे मी इथल्या सभेत सांगतो. सांगितल्यावर लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. मग एखादी म्हातारी उठून आपल्या बहिणीचं काय झालं ते सांगते. माझ्या कोणत्याही प्रवचनाने ते तिच्या तोंडून काढलं नसतं.

घरची आठवण येते. आईच्या गुडघ्यांचं दुखणं फोनवरून कळतं, नेटवर्क असेल तेव्हा. नाताळात जास्त जड जातं. याबद्दल मला तक्रार नाही, प्रत्येक खलाशाच्या आणि दुबईला गेलेल्या प्रत्येक गवंड्याच्या घरात हेच असतं, आणि त्यांच्यासाठी कोणी उभं राहत नाही.

खोलवरचा प्रश्न वेगळाच आहे. मी का आलो? पाचारण झालं म्हणून, हे उत्तर मी मनापासून देतो आणि ते खरं आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक उत्तर आहे. वसईत मी कितीतरी धर्मगुरूंपैकी एक झालो असतो. दोन गल्ल्यांपलीकडे दुसरं चर्च, तिथे माझ्यापेक्षा चांगला बोलणारा, जास्त शिकलेला कोणी. इथे नदीच्या दोन दिवसांच्या प्रवासात मी एकटा. माझ्यावाचून मिस्सा होत नाही. माझी गरज आहे, ही भावना इतकी गोड आहे की तिला प्रेम समजणं फार सोपं जातं. मी लोकांवर प्रेम करतो की त्यांना लागणाऱ्या माझ्यावर?

या प्रश्नाला इथल्या मातीनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. न्यू ब्रिटन बेटावरच्या राकुनाई गावात १९१२ मध्ये पीटर तो रोट जन्मला. तो धर्मगुरू नव्हता, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला गावचा कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, होता. १९४२ मध्ये जपानी आले, परदेशी मिशनऱ्यांना त्यांनी छावण्यांत डांबलं आणि राकुनाईचं सगळं काम तो रोटवर पडलं. त्याने प्रार्थना चालवल्या, मुलांना बाप्तिस्मा दिला, आजाऱ्यांकडे गेला, मेलेल्यांना पुरलं. जपान्यांनी स्थानिक पुढाऱ्यांना खूश ठेवण्यासाठी बहुपत्नीत्वाला मोकळीक दिली, तेव्हा तो विरोधात उभा राहिला. जुलै १९४५ मध्ये कैदेत विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारलं. १९९५ मध्ये तो धन्यवादित झाला, १९ ऑक्टोबर २०२५ ला व्हॅटिकनमध्ये संत. पापुआ न्यू गिनीचा हा पहिला संत. त्या काळात राकुनाईत माझ्यासारखा एकही माणूस मोकळा नव्हता, आणि तिथली मंडळी कोलमडली नाही. परदेशी धर्मगुरूंनी त्याला शिकवलं होतं, तयार केलं होतं. त्यांचं खरं काम ते नसताना दिसलं.

माझ्या धर्मग्रामातही असा माणूस आहे. माझ्या बापाच्या वयाचा कॅटेकिस्ट. मी दुसऱ्या गावांत असतो त्या रविवारी तो प्रार्थना चालवतो, भांडणं मिटवतो, रात्री-अपरात्री मरणाऱ्याजवळ जाऊन बसतो. लोक मला जे सांगत नाहीत ते त्याला सांगतात. मी आलो की तो मागच्या बाकावर जातो. ते मला आवडतं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. आवडू नये, असं वाटण्याइतकी तपासणी झाली आहे. पण आवडतं.

बिशपांनी कळवलं आहे की पुढच्या वर्षी हे धर्मग्राम याच नदीकाठच्या एका तरुण धर्मगुरूकडे जाईल. मला हवं असेल तर दुसरीकडे बदली, हवं असेल तर इथेच त्याचा सहायक. मी सहायक म्हणून राहायचं कळवलं. कोणत्या गावी आधी जायचं, कोणासाठी होडी सोडायची, हे तो ठरवेल. पहिल्या वर्षी त्याच्याकडून काही गोष्टी बिघडतील असं मला वाटतं आणि हे वाटणं त्याच्या कानावर माझ्याकडून जाता कामा नये.

परवा धर्मग्रामाच्या मंडळाची बैठक झाली. कॅटेकिस्टने सरळ विचारलं, ‘पाटेर, परदेशातून पैसे येणं थांबलं तर पेट्रोल कुठून आणायचं?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. बराच वेळ ते आपसांत बोलले. शेवटी ठरलं की टेकड्यांवरच्या गावांनी व्हॅनिला आणि कोको विकल्यावर काही वाटा बाजूला काढायचा आणि नदीकाठच्या गावांनी धुरावलेल्या माशांतला. हिशेब मांडला तर त्या पैशांत मोटर फक्त आजाऱ्यांसाठी चालेल. गावोगावच्या भेटींना धर्मगुरूने वल्ह्याची होडी घेऊन जायचं आणि वल्हवायला प्रत्येक गावाने आपली दोन पोरं द्यायची. मी एवढंच विचारलं की सहायकाने कोणत्या होडीत बसायचं. कॅटेकिस्ट म्हणाला, त्याच.