अनुकृत नादाचे सत्य आणि स्वामित्व

डिजिटल मॉडेलिंग बेस ॲम्प्लिफायर म्हणजे इतर ॲम्प्लिफायरांचा आवाज गणिताने उभा करणारे यंत्र. बेस गिटारच्या तारेचे कंपन पिकअपमधून विद्युत संकेत होऊन त्याच्याकडे येते. यंत्र त्या संकेताचे आकडे करते, एखाद्या जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पने त्याचे जे केले असते ते हिशोबाने करते आणि निष्पन्न झालेला संकेत स्पीकरकडे धाडते. त्यामुळे एका पेटीत अनेक नामवंत ॲम्प सामावल्याचा अनुभव येतो. या सोयीतून तीन जुने प्रश्न नव्याने उभे राहतात. अनुकृतीला सत्याचा दर्जा आहे का? दुसऱ्यांचे आवाज देणारे यंत्र विकत घेतल्यावर मालकाच्या हाती नेमके काय येते? आणि इतके पर्याय समोर असताना निवड कशाच्या बळावर करावी?

मूळ आणि त्याचा वंश

बेसच्या जगात ज्यांची अनुकृती पुन्हा पुन्हा केली जाते असे ॲम्प मोजकेच आहेत. अमेरिकेतील बेसवादक एव्हरेट हल यांनी १९४०च्या दशकात डबल बेसच्या तळखुंटीत मायक्रोफोन बसवला. त्या प्रयोगातून ॲम्पेग ही कंपनी उभी राहिली. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बासमन हा ॲम्प काढला. ॲम्पेगचा बी-१५ पोर्टाफ्लेक्स १९६०चा: पंधरा इंची एकच स्पीकर आणि पंचवीस-तीस वॅटची ताकद. त्याच कंपनीचा एसव्हीटी १९६९ साली आला. तो ३०० वॅटचा होता आणि स्पीकरचे कॅबिनेट सोडून नुसत्या ॲम्पचेच वजन सुमारे ३८ किलो भरत असे.

या वंशावळीत शुद्ध, आदिम असे मूळ शोधू गेले तर ते सापडत नाही. इलेक्ट्रिक बेस हाच डबल बेसचा पर्याय म्हणून जन्मला. हल यांना स्वच्छ, न फाटणारा स्वर हवा होता आणि रॉक संगीतातला फाटका आवाज त्यांना नापसंत होता. त्यांनी कंपनी सोडल्यावर आलेला एसव्हीटी मात्र आज त्याच्या दाणेदार, किंचित फाटलेल्या स्वरासाठी नावाजला जातो. एका पिढीने ज्याला दोष मानले त्याला पुढच्या पिढीने गुण मानले आणि तोच गुण आता आकड्यांत उतरवला जातो.

बी-१५चे उदाहरण याहून बोलके आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवरचे जेम्स जेमर्सन यांचे बेसवादन आणि हा ॲम्प यांचा संबंध सर्वत्र सांगितला जातो. जेमर्सन क्लबमध्ये बी-१५ वाजवत हे खरे. पण स्टुडिओत त्यांचा बेस बहुतेक वेळा थेट मिक्सिंग कन्सोलला जोडला जाई. ध्वनिमुद्रिकेवरचा तो स्वर मिळावा म्हणून जो वादक बी-१५चे मॉडेल लावतो, तो एका वेगळ्याच मुळाच्या मागे लागलेला असतो.

वस्तूची ओळख द्रव्यात असते की रचनेत, हा प्रश्नही येथे येतो. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की आस, चाके, दांडा यांपैकी रथ कोणता; एकटा कोणताही भाग रथ नसतो. जुन्या ॲम्पचेही तेच आहे. व्हॉल्व्ह झिजतात आणि बदलले जातात, कपॅसिटर बदलले जातात, स्पीकरला नवा कोन बसतो. तरीही १९६५चा ॲम्प १९६५चाच म्हणून ओळखला जातो, कारण त्याचा आराखडा टिकून असतो. ओळख आराखड्यात असेल, तर तो आराखडा गणितात मांडणाऱ्या यंत्राचा दावाही सरसकट फेटाळता येत नाही.

अनुकृती कशी घडते

१९९६ साली लाइन ६ या कॅलिफोर्नियातील कंपनीने ॲक्ससिस २१२ हा डिजिटल मॉडेलिंग गिटार ॲम्प आणला. पुढे बेससाठीही तशी यंत्रे निघाली. त्यांच्या कामाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत मूळ सर्किटमधला प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह गणिती समीकरणांत मांडला जातो. दुसऱ्या पद्धतीत मूळ ॲम्पला चाचणीचे संकेत देऊन त्याच्या उत्तरांचा नकाशा काढला जातो; २०११ साली पुढे आलेला केम्पर प्रोफायलर या दुसऱ्या वाटेचा. अलीकडे न्यूरल नेटवर्कलाही असेच शिकवले जाते. कॅबिनेटचा आवाज बहुधा इम्पल्स रिस्पॉन्समधून येतो, म्हणजे एका विशिष्ट जागी ठेवलेल्या मायक्रोफोनला तो स्पीकर जसा ऐकू आला तसा.

प्लेटोचा आक्षेप नेमका येथे लागू पडतो. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तो तीन पलंगांची चर्चा करतो: पलंगाचे तत्त्व, सुताराने घडवलेला पलंग आणि चित्रकाराने रंगवलेला पलंग. चित्रकाराला पलंग कसा बनतो हे ठाऊक नसते; एका बाजूने तो कसा दिसतो तेवढेच त्याला ठाऊक असते. एका जागच्या मायक्रोफोनने टिपलेले कॅबिनेट हे अगदी असेच एकांगी दर्शन आहे. खोलीत फिरताना आवाज बदलतो, जमीन थरथरते, हवेचा दाब अंगाला जाणवतो. यातले काहीही त्या नोंदीत नसते. मात्र घटकाघटकाने सर्किट मांडणारी पहिली पद्धत दिसण्याची नक्कल करत नाही, ती घडण्याची नक्कल करते. कोणता भाग काय करतो हे जाणल्याशिवाय ते समीकरण लिहिताच येत नाही. प्लेटोच्या वर्गीकरणात अशा कारागिराला चित्रकार म्हणता येत नाही. तो सुताराच्या जवळचा आहे. म्हणून ‘मॉडेलिंग म्हणजे खोटेपणा’ हा सरसकट निवाडा टिकत नाही. एकाच यंत्रात ज्ञानातून आलेली आणि नुसत्या दर्शनातून आलेली अशी दोन्ही प्रकारची अनुकृती नांदत असते.

विलंबाचा आक्षेपही तपासून घ्यावा लागतो. आकड्यांच्या प्रक्रियेला काही मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो; म्हणजे तीन मिलिसेकंदांचा विलंब स्पीकरपासून एक मीटर दूर उभे राहण्याइतकाच. तेवढ्यावरून कोणताही स्वर बेगडी ठरत नाही.

चित्रातला घोडा

भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार नाटकाच्या संदर्भात केला आहे. रंगभूमीवरचा राम खरा की खोटा, यावर काश्मीरच्या श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा आहे’ अशी जी प्रतीती होते ती यथार्थ ज्ञान नसते आणि भ्रमही नसतो. तो संशय नसतो, की केवळ साम्याची जाणीवही नसते. ती स्वतंत्र जातीची प्रतीती आहे. मॉडेलिंग ॲम्पमधून एसव्हीटीचा स्वर ऐकणाऱ्या वादकाची अवस्था हीच असते. समोर एसव्हीटी नाही हे त्याला माहीत असते, त्यामुळे तो फसलेला नसतो. तरीही त्याची बोटे त्या स्वराला मनापासून प्रतिसाद देतात.

अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी शंकुकाच्या अनुकरणवादावर कठोर प्रहार केला. ज्याने मूळ पाहिले आहे त्यालाच अनुकरण हे अनुकरण म्हणून ओळखता येते. रामाची रती कोणत्याही प्रेक्षकाने पाहिलेली नाही, मग नटाने तिचे अनुकरण केले असे कोणत्या आधाराने म्हणायचे? हा आक्षेप आजच्या यंत्राला तंतोतंत लागू आहे. जुने बी-१५ आणि एसव्हीटी आता थोड्यांकडे उरले आहेत. मॉडेल वापरणाऱ्या बहुसंख्य वादकांनी खरा ॲम्प खोलीत कधी ऐकलेला नसतो. ऐकली असते ती त्याची ध्वनिमुद्रित छाया. अशा वादकापुरते ते मॉडेल अनुकृती उरतच नाही, तो त्याच्यासाठी स्वतःच्या पायावर उभा असलेला एक स्वर असतो. अभिनवगुप्तही नाट्याला अनुकरण म्हणायला तयार नाही. रसाचे स्थान तो सहृदय रसिकाच्या आस्वादात पाहतो.

बेसच्या बाबतीत या मताला ध्वनिशास्त्राचाही आधार मिळतो. चार तारांच्या बेसच्या सर्वांत जाड तारेची मूळ कंपनसंख्या ४१.२ हर्ट्‌झ असते. दहा इंची आठ स्पीकरांचे भव्य बंद कॅबिनेट इतक्या खाली पूर्ण ताकदीने पोहोचत नाही. तरीही श्रोत्याला खोल स्वर ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू हरवलेला पाया भरून काढतो. नावाजलेल्या मूळ ॲम्पचा तो खोल स्वरही काही अंशी ऐकणाऱ्याच्या मनातच घडत होता. खरेपणाचा शोध केवळ पेटीच्या आत संपत नाही.

कृती आणि साधन

हिंदुस्थानी संगीतात इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने हाच वाद उभा केला. मिरजेला भोपळ्याचा तंबोरा घडवणारी घराणी आहेत. तो तंबोरा जुळवताना, जवारीचा धागा सरकवताना गायकाचा कान घडतो. यंत्राने अखंड षड्ज दिला की ते काम वाचते आणि त्यासोबत कानाचे शिक्षणही वजा होते. मॉडेलिंग ॲम्पची बाब वेगळी आहे. येथे तार छेडणे, दाबणे, थांबवणे, लयीत पाऊल टाकणे हे सर्व वादकाच्याच हाती राहते. यंत्र कृतीची जागा घेत नाही, साधनाची घेते. अनुकृतीची नैतिक कसोटी येथे आहे: जी अनुकृती माणसाची साधना टाळू पाहते ती त्याला उणे करते, जी साधनेला साधन पुरवते ती करत नाही. म्हणून चांगल्या मॉडेलची पहिली परीक्षा ‘मुळासारखे वाटते का’ ही नाही. बोटाचा हलका आणि जोरदार आघात यांतला फरक ते राखते का, ही आहे. जे मॉडेल सगळे आघात सारखेच गोड करून देते, ते कितीही हुबेहूब असले तरी वादकाचे नुकसान करते.

स्वामित्व

व्हॉल्व्ह ॲम्पच्या मालकाकडे एक वस्तू असते. तिचे सर्किट जाणकार कारागीर दुरुस्त करू शकतो आणि ती दोन-तीन पिढ्या टिकू शकते. मॉडेलिंग ॲम्पच्या मालकाकडे पेटी, स्पीकर आणि सर्किट बोर्ड असतो. आतले सॉफ्टवेअर वापरण्याची केवळ परवानगी असते. मोबाइल ॲपवरच सगळी मांडणी अवलंबून असेल, तर त्या ॲपची देखभाल थांबताच मालकीचा मोठा भाग निसटतो. प्रोसेसरचा बोर्ड बिघडला तर तो सहसा दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

या मालकीत ऋणाचाही भाग आहे. दुसऱ्या कंपनीचे व्यापारचिन्ह वापरता येत नाही, म्हणून मॉडेलांना सूचक नावे दिली जातात. स्वरावर कुणाची मालकी नसली तरी तो घडवणाऱ्यांचे श्रम खरे असतात आणि त्यांचा उल्लेख करणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य ठरते. व्यवहारात मूळ घडवणारे आणि अनुकृती करणारे यांच्यातली सीमारेषा पुसटही होत गेली: लाइन ६ यामाहाच्या मालकीची झाली आणि २०१८ साली त्याच यामाहा समूहाने ॲम्पेगही विकत घेतली. अनुकृती आणि मूळ आज एका छत्राखाली आहेत.

पतंजलीने यमांत सांगितलेला अपरिग्रह येथे दोन्ही बाजूंनी बोलतो. पाच अवजड ॲम्पांऐवजी एक हलकी पेटी बाळगणे हा परिग्रह कमी करण्याचाच मार्ग आहे. क्लास-डी या हलक्या सर्किटच्या तंत्रामुळे मोठ्या ताकदीचे ॲम्पही आता एका हाताने उचलता येतात. पण परिग्रह वस्तूंचा असतो तसा शक्यतांचाही असतो. शेकडो प्रीसेट, म्हणजे जतन केलेल्या मांडण्या, साठवून त्यांतला एकही आपलासा न करणे ही साठवणूकच आहे, फक्त तिला वजन नाही.

निवड

कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो. दुकानात दहा मिनिटांत मोहवणारा स्वर प्रेय. दहा वर्षे सोबत करणारा स्वर श्रेय. त्या भेदाला व्यवहारात पुढील कसोट्या लावता येतात. सगळी मॉडेल बंद करून यंत्राचा साधा, निखळ स्वर आधी ऐकावा. तोच चांगला नसेल तर वरची सजावट टिकत नाही. पाच तारांचा बेस असेल तर खालचा सुमारे ३१ हर्ट्‌झचा स्वर छोट्या स्पीकरमधून अस्पष्ट येतो, हे ध्यानात घ्यावे. घरच्या सरावाला ४० वॅट पुरतात. ड्रमसोबत वाजवायचे तर काही शे वॅट लागतात. वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, म्हणून ५०० आणि ८०० वॅटमधला फरक कागदावर दिसतो तेवढा कानाला जाणवत नाही. मुख्य नियंत्रणे ॲपवाचून, पेटीवरच्या नॉबने चालावीत. मिक्सरला जोडायचे थेट आउटपुट आणि हेडफोनची सोय असावी. शहरात दुरुस्ती केंद्र असावे. नाव न पाहता, दुसऱ्याला मॉडेल बदलायला सांगून ऐकावे, म्हणजे कीर्ती आणि स्वर वेगळे करता येतात.

गीतेत निश्चयी बुद्धी एक आणि अनिश्चयी बुद्धी बहुशाखा सांगितली आहे. यंत्र बहुशाखा असायला हरकत नाही. वादकाने तसे असू नये. दोन-तीन स्वर निवडून त्यांच्यासोबत दीर्घकाळ राहणारा वादक अनुकृतीतूनही स्वतःचा आवाज घडवतो, आणि मूळ एसव्हीटी घरात असूनही हा निश्चय नसलेल्याचा स्वर परकाच राहतो. डिजिटल मॉडेलिंग बेस ॲम्प खोटा नाही, तसेच तो सत्य विकतही देत नाही. ज्याला आपली गरज ठाऊक आहे त्याने तो निःशंकपणे घ्यावा. ज्याला ती ठाऊक नाही त्याने आधी हाताशी असलेल्या ॲम्पवर काही काळ वाजवून ती ओळखावी.