चांगला जिवाणू ठरवायचा कसा?

विरजणातले दही रोज खाऊन माणसे आजारी पडत नाहीत, हे सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधी घरोघर ठाऊक होते. अन्नात मुद्दाम घातलेल्या जिवाणूंच्या सुरक्षिततेचा विचारही याच अनुभवातून सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले, पचले, म्हणजे निर्धोक. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एली मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबवलेल्या दुधाशी लावला. त्या चर्चेतही भर फायद्यावर होता, अपायाचा विचार मागेच राहिला.

अमेरिकेने १९५८मध्ये अन्नविषयक कायदा दुरुस्त करताना या अनुभवालाच कायद्याचे बळ दिले. १ जानेवारी १९५८पूर्वी अन्नात सर्रास वापरला जाणारा पदार्थ, त्या वापराच्या आधारे, तज्ज्ञांना सुरक्षित ठरवता येऊ लागला. यात शहाणपण होते. शेकडो वर्षे लाखो लोकांनी खाऊन दिलेला पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत उभा करता येत नाही. पण हा पुरावा त्या पदार्थापुरता आणि तो खाणाऱ्या लोकांपुरताच असतो. तोच जिवाणू वाळवून, कोट्यवधींच्या संख्येने पुडीत भरला, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळला किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला दिला, की जुना अनुभव अपुरा पडतो.

विचाराला पहिले मोठे वळण वेगळ्याच दिशेने मिळाले. १९५९च्या सुमारास जपानी संशोधकांना आमांशाच्या जिवाणूंमध्ये दिसले, की औषधांना दाद न देण्याचा गुण एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी निराळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. १९६९मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने जनावरांच्या वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यातला धोका स्पष्ट मांडला. युरोपीय संघाने ही प्रथा पूर्ण बंद केली ती १ जानेवारी २००६ला. त्यामुळे पर्याय म्हणून खाद्यात जिवंत जिवाणू घालण्याकडे अधिक लक्ष गेले आणि जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. जिवाणू स्वतः रोग करत नसेल, पण औषधाला न जुमानण्याचे जनुक तो बाळगून असेल तर? जनावराच्या आतड्यात ते जनुक रोगजंतूच्या हाती लागू शकते. म्हणजे निरुपद्रवी जिवाणूही वाहक ठरू शकतो.

इटलीतील पार्मा येथील युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००७मध्ये यावर एक चौकट स्वीकारली. जिवाणूची ओळख पक्की आहे का, त्याच्याविषयी पुरेसे ज्ञान आहे का, त्याच्यापासून कोणता धोका संभवतो आणि त्याचा वापर कशासाठी होणार, हे चार प्रश्न विचारायचे. उत्तरे समाधानकारक असतील त्या जाती सुरक्षित गृहीत धरायच्या, पण अटींसह. बॅसिलस गटातील यादीतल्या जातींना विषद्रव्य तयार न करण्याची अट आहे. एंटेरोकॉकस फेसियमचा वापर जुना असूनही तिला यादीत स्थान मिळाले नाही, कारण त्या जातीत रुग्णालयांतील संसर्गाला कारणीभूत होणारे प्रकारही आहेत. नवी माहिती तपासून प्राधिकरण ठरावीक काळाने या यादीचा फेरविचार करते. या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, कारण इथे विश्वास कायमचा बहाल होत नाही.

जातीच्या नावावर भागत नाही, याचा नमुना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या एका स्ट्रेनमध्ये, म्हणजे त्या जातीतल्या एका विशिष्ट वाणात, पाहायला मिळतो. पेरूमधील एका मातेच्या दुधातून तो वेगळा केला गेला होता आणि प्रोबायोटिक म्हणून वापरात होता. पुढे तपासात त्याच्या दोन प्लाझ्मिडांवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वलयांवर, टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिन यांना विरोध करणारी जनुके आढळली. संशोधकांनी ती वलये काढून टाकली आणि उरलेला स्ट्रेन नव्या क्रमांकाने वापरात आणला. जात तीच, धोका मात्र वेगळा. पशुखाद्यात अनेक वर्षे परवानगी असलेल्या बॅसिलस टोयोईची परवानगी युरोपने २०१३मध्ये स्थगित केली, त्यातही औषधविरोधाचा मुद्दा होता. आज जिवाणूचा संपूर्ण जिनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचता येतो, त्यामुळे अशी जनुके आधीच शोधणे शक्य झाले आहे.

जिनोम वाचूनही खाणारा कोण, हा प्रश्न उरतोच. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना जिवाणूंचे मिश्रण देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८मध्ये आले. मिश्रण घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते, न घेतलेल्यांत ६ टक्के. निरोगी माणसासाठी बिनधोक असलेली गोष्ट खचलेल्या शरीराला सोसेलच, असे नाही. अकाली जन्मलेल्या बाळांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२३मध्ये असाच इशारा दिला.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११मध्ये प्रोबायोटिक पदार्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वेष्टनावर जिवाणूची प्रजाती, जात आणि स्ट्रेन असावा, असे त्यांत सांगितले आहे. तोच आग्रह गोठ्यातही हवा. महाराष्ट्रात दुग्धव्यवसाय करणारे अनेक शेतकरी मुरघास करताना जिवाणूंचे कल्चर वापरतात आणि कुक्कुटपालक खाद्यात प्रोबायोटिक पावडर मिसळतात. विकणारा ‘चांगले जिवाणू’ एवढेच सांगून मोकळा होत असेल, तर ते पुरेसे नाही. पाकिटावर स्ट्रेनचा क्रमांक आहे का, औषधविरोधाची तपासणी झाली आहे का आणि ते कोणत्या जनावरासाठी आहे, हे विचारा. उत्तर मिळत नसेल, तर ते पाकीट घेऊ नका.