झाडांच्या उंचीखालचं गुपित

इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात ऑल्टन टॉवर्स नावाचं मनोरंजन उद्यान आहे. श्रूझबरीच्या उमरावांचा पडका वाडा, त्याच्याभोवती एकोणिसाव्या शतकातल्या बागा, आणि त्या बागांच्या आडोशाने पसरलेल्या रोलर कोस्टर. वाडा आणि बागा संरक्षित, शेजारी शांत गाव. त्यामुळे उद्यानावर एक मजेदार बंधन आहे. जे काही बांधाल ते झाडांच्या शेंड्यांवरून डोकावता कामा नये. ज्या धंद्याचा जीव उंचीत, त्याला उंचीच नाकारलेली! म्हणून ‘नेमेसिस’ उभारताना जॉन वॉर्डली या कल्पक माणसाने खडकात सुरुंग लावून खड्डा केला आणि गाडी त्यात सोडली. १९९४मध्ये सुरू झालेली ही राइड जमिनीपासून जेमतेम १३ मीटर वर येते, घसरण मात्र ३० मीटरहून जास्त. जमिनीखाली पुरलेला एक परग्रहावरचा राक्षस खणताना जागा झाला, अशी तिची कथा. म्हणजे खड्डा नगररचनेच्या नियमामुळे आणि राक्षस खड्ड्यामुळे.

या उद्यानात मोठ्या राइडला बांधकामाच्या काळात ‘सीक्रेट वेपन’ असं टोपणनाव देण्याची रीत पडली. पहिली दोन ‘गुप्त शस्त्रं’ कागदावरच राहिली, नेमेसिस तिसरं. पुढे ‘ऑब्लिव्हियन’, ‘एअर’, ‘थर्टीन’, ‘द स्माइलर’, ‘विकर मॅन’ असा क्रम लागला. नाव गुप्त शस्त्राचं, पण इंग्लंडच्या कायद्यात बांधकामाची परवानगी मागायची तर आराखडे स्थानिक कौन्सिलकडे द्यावे लागतात आणि ते कुणालाही बघता येतात. कुठली झाडं तोडणार, पावसाचं पाणी कुठे जिरणार, गावाच्या वेशीवर किती डेसिबल ऐकू येणार, लांबच्या पायवाटेवरून काय दिसणार, तिथे वटवाघळं राहतात का, सगळं लिहून द्यायचं. आवाजावरून शेजाऱ्यांनी या उद्यानाला कोर्टात खेचलेलं असल्यामुळे डेसिबलचा भाग तर फारच बारकाईने. आणि हे सगळं शौकीन लोक वाचतात. वटवाघळांच्या अहवालात रोलर कोस्टर शोधणारी माणसं जगात दुसरीकडे सापडतील असं वाटत नाही. (आपल्याकडे बांधकामाचे कागद इतक्या निगुतीने वाचतो तो महारेराच्या संकेतस्थळावर बसलेला घर घेणारा, तोही बहुधा पैसे अडकल्यावर.)

नव्या राइडबद्दल तर्क लढवणाऱ्या मंडळींना रिकामटेकडं म्हणणं सोपं आहे. सुतावरून स्वर्ग गाठणारे म्हणून त्यांची थट्टाही होते. पण त्यांच्या हातातलं सूत खरं असतं, ही गोष्ट थट्टा करणारे विसरतात. ट्रकवरून पोलादी रुळांचा पहिला तुकडा उतरला की ही तर्क लढवणारी मंडळी आधी त्याचा कणा बघतात. तो चौकोनी, बंद पेटीसारखा असेल तर बोलिगर आणि माबिलार्ड ही स्विस कंपनी. त्रिकोणी जाळीचा असेल तर संशय इंटामिनवर. (खोपोलीजवळच्या इमॅजिकात ‘नायट्रो’चा रूळ खालून नीट पाहा. तीही त्या पहिल्या स्विस कंपनीचीच, हाच चौकोनी कणा दिसेल.) कंपनी कळली की निम्मी कोडी सुटतात, कारण प्रत्येकीची वळणं घ्यायची, उलटं करायची, घसरवायची तऱ्हा ठरलेली असते. मग काँक्रीटच्या पायांची जागा बघायची. पाया मोठा म्हणजे तिथे जोर जास्त. दोन खांब जवळजवळ आणि तिरके म्हणजे गाडी तिथे कूस बदलत असणार. असं करत करत लोखंड उभं राहण्याच्या आत ही माणसं अख्खी राइड मनात उभी करतात, आणि पुष्कळदा ती बरोबर निघते.

आकड्यांच्या बाबतीत तर ही माणसं उद्यानांच्या जाहिरात खात्यापेक्षा कडक असतात. १९९८ची ऑब्लिव्हियन ‘जगातली पहिली उभी घसरण’ म्हणून गाजवली गेली. शौकिनांनी लगेच दाखवून दिलं की कोन ८७.५ अंशांचा आहे, नव्वदचा नव्हे. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरची ‘बिग वन’ २३५ फुटांची म्हणून मिरवते. ती उंची समुद्रसपाटीपासूनची. जमिनीपासून मोजली तर २१३. पुढे २०२४मध्ये लंडनजवळच्या थॉर्प पार्कमध्ये ‘हायपेरिया’ आली, ब्रिटनमधली सर्वांत उंच, आणि तिची उंची निघाली २३६ फूट. खऱ्या २१३च्या पुढे तेवीस, जाहिरातीतल्या २३५च्या पुढे फक्त एक. योगायोग असेलही. शौकिनांपैकी कुणाला तो योगायोग वाटत असेल असं मात्र वाटत नाही.

मला या सगळ्यात रस आहे तो निराळ्या कारणासाठी. आपण रोज ज्या वावड्यांत जगतो त्यांचा हिशेब कधी होतच नाही. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक लिहिलेलं असतं, म्हणजे भरपूर पाऊस. मेंढा असेल तर ओढ. दिवाळीत कुणी जुनं पंचांग काढून जाब विचारत नाही. राजकारणातल्या भाकितांचं, शेअरबाजारातल्या ‘आतल्या खबरी’चं तेच. सांगणारा पुढची खबर घेऊन आलेला असतो आणि आपणही ऐकायला बसलेले असतो. रोलर कोस्टरच्या अंदाजाला मात्र मुदत असते. दीड-दोन वर्षं काय वाटेल ते बोला. एक दिवस फाटक उघडतं, गाडी सुटते, आणि कोण बरोबर कोण चूक हे लोखंड सांगतं. तिथे ‘माझा तसा अर्थ नव्हता’ म्हणायला जागा उरत नाही. गाडी सहा वेळा उलटी होणार म्हणणाऱ्याला ती चारच वेळा उलटी होताना दिसली की त्याला बोललेले शब्द गिळावे लागतात, आणि ते त्याला गिळायला लावणारी मंडळीही हजर असतात.

या मुदतीमुळे एक शिस्त येते. मुरलेला शौकीन तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: आराखड्यात दिसलं ते, कुणाकडून तरी ऐकलं ते, आणि आपल्याला हवं आहे ते. पहिल्या दोहोंत घोटाळा झाला तर फारसं बिघडत नाही, ऐकीव गोष्टीला आपण मनातून थोडं कमी मोजतोच. खरी फसवणूक तिसरी करते, कारण इच्छा नेहमी तर्काचे कपडे घालून येते. ‘या उद्यानात अजून लाकडी कोस्टर नाही, तेव्हा पुढची लाकडीच’ हे ऐकायला अनुमान वाटतं, पण असतो तो हट्ट. ऑल्टन टॉवर्सबाबत तो हट्ट अखेर २०१८मध्ये ‘विकर मॅन’च्या रूपाने पुरा झाला खरा. पण त्याआधी कितीतरी वर्षं तो तितक्याच ठामपणे चुकत आला होता, आणि एकदा बरोबर आल्याने हट्टाचं अनुमान होत नाही. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

आता उलटी बाजू. कागद सगळं सांगत नाहीत. कौन्सिलला इमारत बाहेरून कशी दिसेल याची काळजी. आत अंधारात काय घडतं हा तिचा प्रश्न नव्हे. २०१०ची ‘थर्टीन’ याच फटीतून आली. झाडीतून धावत गाडी एका पडक्या इमारतीत शिरते, काळोखात थांबते, आणि मग रुळाचा तो तुकडाच गाडीसकट काही मीटर खाली कोसळतो. तिथून गाडी उलटी, पाठीमागे सुटते. असं आधी कुठल्याच रोलर कोस्टरमध्ये नव्हतं. युक्ती नामी होती. पण उद्यानाने जाहिरातीत ती महाभयंकर, काळजाचा ठोका चुकवणारी म्हणून इतकी वाजवली की लोक नेमेसिसहून थरारक काहीतरी घडणार या तयारीने आले, आणि मिळाली ती घरच्या पोरांनाही झेपेल अशी राइड. निराशा झाली ती राइडमुळे नव्हे, अपेक्षेमुळे. गंमत अशी की नुसत्या आराखड्यांवर विसंबलेल्यांचं सर्वांत कमी नुकसान झालं. लांबी, उंची, वेग यांवरून ही मध्यम राइड आहे हे दिसतच होतं. फसले ते ज्यांचे आकडे जाहिरातीतल्या विशेषणांनी झाकले.

तेव्हापासून हा खेळ थोडा बिघडला आहे असं माझं मत. उद्यानांच्या लक्षात आलं की लोकांचे तर्क म्हणजे फुकटची जाहिरात. मग मुद्दाम अर्धवट खुणा सोडायच्या, कुंपणावर गूढ चिन्हं रंगवायची, कोडी घालायची. कोडं घालणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, त्यामुळे ते सोडवण्यात कष्ट असले तरी शोध नाही. वटवाघळांच्या अहवालातून काढलेला अंदाज शौकिनाचा स्वतःचा असतो. उद्यानाने पेरलेल्या खुणेवरून काढलेला अंदाज उद्यानाचाच.

आणि एक जागा अशी आहे जिथे या वाकबगार मंडळींनीही हात आखडता घ्यायला हवा. २०१३मध्ये सुरू झालेली ‘स्माइलर’ १४ वेळा माणसाला उलटं करते. तो जागतिक विक्रम, आणि त्या चौदांचा हिशेब लावण्यात शौकिनांना अपार आनंद. २ जून २०१५ रोजी तिची १६ जणांनी भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. संगणकाने गाडी बरोबरच थांबवली होती. पुढे रूळ मोकळा आहे असं समजून माणसांनी ती यंत्रणा बाजूला सारली, हे पुढे कोर्टात आलं, आणि सप्टेंबर २०१६मध्ये उद्यान चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. म्हणजे निकाल लागायला जवळजवळ सोळा महिने गेले. खांबाच्या कोनावरून वळण ओळखणारा माणूस अशा वेळी कारणही ओळखू पाहणार, हे समजण्यासारखं आहे. पण खांबाला अब्रू नसते. त्या दिवशी कामावर असलेल्या माणसाला असते. तिथे चुकलेल्या अंदाजाची किंमत अंदाज करणारा भरत नाही.

नेमेसिसचं पुढे काय झालं तेही सांगतो. तीस वर्षं होत आली आणि लोखंड थकलं. नोव्हेंबर २०२२मध्ये ती बंद करून तिचा बहुतेक रूळ बदलला गेला, आणि मार्च २०२४मध्ये ती ‘नेमेसिस रीबॉर्न’ म्हणून पुन्हा धावू लागली. खड्डा तोच, वळणं तीच, घसरण तेवढीच, हे पहिल्यापासून जाहीर होतं. तर्काला काही उरलंच नव्हतं म्हणा ना. उरला होता एकच प्रश्न: ही जुनीइतकी चांगली होईल का? त्याला आराखडा नाही, डेसिबलचा तक्ता नाही, आणि मुदतही नाही. ज्याने १९९४मध्ये पोरवयात तिच्यात पहिल्यांदा पाय लोंबकळत सोडले, तो आता चाळिशीपार गेलेला. त्याची मान, पाठ, रक्तदाब, सगळंच बदललेलं. नवा रूळ गुळगुळीत आहे म्हणून मजा वाढली की कमी झाली, हे त्याने आणि त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीने आपापसात ठरवायचं. लोखंड यात निकाल देणार नाही, आणि दोघं अजून भांडत असतील तर त्यांना भांडू द्यावं.