समीक्षकाच्या टेबलावर न येणारी गोष्ट

22 मे 2020 रोजी 'द लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतल्या 671 रुग्णालयांमधील 96,032 कोविड रुग्णांच्या नोंदींवरून लेखकांनी म्हटलं होतं, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं या औषधाची चाचणी थांबवली. आणि 4 जूनला निबंधच मागे घेतला गेला. आकडेवारी पुरवणारी सर्जिस्फिअर ही कंपनी मूळ नोंदी स्वतंत्र तपासनिसांना दाखवायला तयार नव्हती, त्यामुळे चारपैकी तीन लेखकांना स्वतःच्याच निबंधाची हमी देता येईना.

हा निबंध रीतसर पीअर रिव्ह्यूतून पार पडलेला होता. मग समीक्षक काय करत होते, असं तेव्हा अनेकांनी रागानं विचारलं. राग रास्त होता, पण समीक्षकापुढे प्रत्यक्षात काय येतं, याचा विचार त्यात नव्हता. संपादक हस्तलिखित त्या विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे पाठवतो. ते आपलं काम सांभाळून, बहुधा विनामोबदला, ते वाचतात. पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष आकड्यांतून खरोखर निघतो का, आधीच्या संशोधनाची दखल घेतली आहे का, हे पाहतात. प्रयोग पुन्हा करून बघणं किंवा रुग्णालयांत चौकशी करणं त्यांच्याकडून अपेक्षितच नसतं. समोरचे आकडे प्रामाणिकपणे गोळा केलेले आहेत, असं गृहीत धरूनच वाचन सुरू होतं.

तरीही या वाचनाची ताकद मोठी आहे. 1936 साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. समीक्षकानं तपशीलवार आक्षेप घेतले. आपलं लेखन छापण्याआधी कुणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी आपण दिली नव्हती, असं संपादकाला संतापून कळवून आइन्स्टाइननं निबंध परत घेतला. पुढे वर्षभरात तो दुसरीकडे छापून आला तेव्हा मूळ निष्कर्ष उलटलेला होता. तो अनाम समीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होता, हे उघड व्हायला जवळपास सत्तर वर्षं लागली. ज्या लहरी टिपण्यासाठी आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे, त्या लहरी नाकारणारा निबंध एका चिकाटीच्या वाचकामुळे अडला. नाव कितीही मोठं असो, गणित तपासायचंच, हा बाणा मला फार मोलाचा वाटतो.

पण रॉबर्टसनला हवं ते सगळं कागदावर होतं. गणित लपवता येत नाही. रुग्णांच्या नोंदी लपवता येतात. शिवाय कागदावरच्या चुकाही नेहमी सापडतात असं नाही. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं एका निबंधात मुद्दाम आठ दोष घालून तो समीक्षकांकडे पाठवला होता. उत्तर देणाऱ्या 221 जणांना सरासरी दोनच दोष दिसले. पाचांच्या वर कुणालाच सापडले नाहीत.

लॅन्सेटच्या निबंधातली गफलत पकडली ती तो छापून आल्यावर वाचणाऱ्यांनी. ऑस्ट्रेलियातल्या ज्या रुग्णालयांच्या नोंदी असल्याचं सांगितलं होतं, तिथले मृत्यू 73 दाखवले होते; निबंधातल्या नोंदी ज्या तारखेपर्यंतच्या होत्या, त्या तारखेपर्यंत साऱ्या देशात 67 मृत्यूंचीच नोंद होती. 'गार्डियन'च्या पत्रकारांनी हे उघड केलं, शंभरावर शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहिलं. ते औषध कोविडवर निरुपयोगी आहे, हे ऑक्सफर्डच्या चाचणीतून नंतर स्पष्ट झालंच. पण निष्कर्ष योगायोगानं खऱ्याच्या जवळ गेला, म्हणून तपासता न येणारे आकडे पुरावा होत नाहीत.

आपल्याकडे मात्र 'पीअर रिव्ह्यूड' हा शिक्का प्राध्यापकांच्या नेमणुकीचा आणि बढतीचा निकष झाला, आणि शिक्क्याचीच बाजारपेठ उभी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेल्या जर्नलांचा नमुना पुण्यातल्या आणि इतर संशोधकांनी तपासला. त्यातली 88 टक्क्यांहून अधिक जर्नलं हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी आयोगानं चार हजारांहून अधिक जर्नलं वगळली. याद्या बदलून हे थांबेल असं मला वाटत नाही. निबंध वाचण्याचे कष्ट टाळून त्यांची संख्या मोजणाऱ्या निवड समित्या आहेत, तोवर पैसे घेऊन शिक्का देणारे मिळतच राहतील.

सर्जिस्फिअर प्रकरणानंतर लॅन्सेटनं नियम बदलला: एकाहून अधिक लेखकांनी मूळ नोंदी स्वतः पाहून पडताळल्याचं लिहून द्यावं. हे आवश्यकच होतं, पण पुरेसं नाही. रुग्णांची ओळख जपून मूळ आकडेवारी तपासण्यासाठी खुली हवी, समीक्षकांचे अभिप्राय निबंधासोबत छापले जावेत. आणि आपल्या विद्यापीठांत, दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून त्यातली चूक दाखवून देणाऱ्याचं काम बढतीच्या हिशेबात धरलं गेलं पाहिजे. आज त्या कामासाठी बढतीच्या अर्जात साधा रकानाही सहसा नसतो.