नाव हाच निकष

२०२४च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमधून इंदिरा गांधी आणि नर्गिस दत्त ही दोन नावं गेली. त्याआधी २०२१मध्ये खेलरत्नावरून राजीव गांधींचं नाव उतरलं आणि मेजर ध्यानचंद यांचं चढलं. त्या वादांतून निघालेला एक निष्कर्ष आता ओपन सोर्सच्या वर्तुळातही ऐकू येतो. एक अनुभवी प्रोग्रामर मला ठासून सांगत होते, “पुरस्काराला माणसाचं नाव देऊच नये. माणसं वादात सापडतात, राजवटी बदलतात. ‘उत्कृष्ट योगदान पुरस्कार’ म्हणावं आणि मोकळं व्हावं. खरं तर आपल्याला पुरस्काराची गरजच नाही. ज्याचा कोड चांगला, त्याचं नाव होतंच.”

यातली दोन्ही मतं मला अमान्य आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं मूळ तिथेच आहे.

‘नाव होतंच’ या विश्वासाला सैद्धांतिक पाया दिला तो प्रोग्रामर आणि लेखक एरिक रेमंड यांनी. १९९८च्या ‘होमस्टेडिंग द नूस्फिअर’ या निबंधात ते म्हणतात की हॅकरांचं, म्हणजे हौसेने कोड लिहिणाऱ्यांचं, जग दानावर चालतं. इथे जो जास्त देतो त्याची पत वाढते आणि ती पत हीच त्याची कमाई. या जगातले काही अलिखित निषेधही त्यांनी नोंदवले आहेत. त्यांतला एक फार महत्त्वाचा आहे: प्रकल्पाच्या इतिहासातून किंवा श्रेयनामावलीतून कुणाचंही नाव त्याच्या संमतीवाचून पुसायचं नाही. पैसा न घेता काम करणाऱ्या माणसाचं नाव पुसणं म्हणजे त्याची सगळी मिळकत हिरावून घेणं, हे रेमंड यांनी ओळखलं. या निरीक्षणाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

पण जे नाव नोंदलंच गेलं नाही, ते पुसण्याचा प्रश्न कुठे येतो? रेमंड यांच्या हिशेबात पत मिळते ती नोंदलेल्या कामाची, आणि नोंद प्रामुख्याने कोडची होते. लिनक्स कर्नलने यावर थोडा उपाय केला आहे. दोष कळवणारा, पॅच तपासणारा, चाचणी घेणारा यांची नावंही तिथे बदलासोबत लिहिली जातात. तरी नवख्याचा बाळबोध प्रश्न न चिडता समजून घेणाऱ्याची नोंद कुठे होते? भांडण विकोपाला जाण्याआधी दोघांशी स्वतंत्रपणे बोलणाऱ्याची? फायरफॉक्स किंवा लिबरऑफिसचा मेन्यू मराठीत वाचणाऱ्याला ते शब्द कुणी घासूनपुसून बसवले हे ठाऊक नसतं. अनेकांचं भाषांतर एकत्र करून कुणीतरी एकजण ते प्रकल्पात घालतो, तेव्हा पुष्कळदा इतिहासात त्या एकाचंच नाव दिसतं.

हे काम दुय्यम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक्सझेडचं प्रकरण आठवावं. जगभरच्या लिनक्स संगणकांवर असणारी ही फाइलींचा आकार कमी करणारी छोटी प्रणाली एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. मानसिक स्वास्थ्य ठीक नसल्याचं त्याने २०२२मध्ये उघडपणे लिहिलं, तरी ‘काम पुढे का सरकत नाही’ असा तगादा चालूच राहिला. त्याच काळात मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने हळूहळू विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि प्रणालीत चोरदरवाजा बसवला. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो उघडकीस आला. थकलेल्या माणसाची वेळेवर विचारपूस करणारं कुणी त्याच्याजवळ असणं हा सुरक्षेचाही भाग आहे, एवढं या घटनेने दाखवलं. आणि विचारपूस कोडमध्ये नोंदलेल्या बदलांच्या संख्येत मोजता येत नाही.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. तुकोबांच्या अभंगांत त्यांची नाममुद्रा आहे. ते अभंग लिहून ठेवणारे, जपणारे म्हणून परंपरा ज्यांना मानते, त्या चाकणच्या संताजी जगनाडे यांची मुद्रा त्या अभंगांत असणार नव्हती. लोकांनी त्यांचं नाव वेगळं आठवणीत ठेवलं, म्हणून ते उरलं. जे काम कृतीच्या अंगावर दिसत नाही ते समाजालाच मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. पुरस्कार हवा तो यासाठी.

आता नावाचं. ड्रुपल या वेबसाइट घडवण्याच्या ओपन सोर्स प्रणालीच्या समुदायात आरन विनबॉर्न पुरस्कार आहे. आरन हे ड्रुपलमधल्या चित्रफितींच्या आणि माध्यमांच्या कामासाठी ओळखले जाणारे विकासक. एएलएस या आजाराने शरीर निकामी होत गेलं तेव्हा समुदायाने त्यांच्या शुश्रूषेसाठी निधी उभारला. २०१५च्या मार्चमध्ये ते गेले आणि त्याच वर्षापासून हा पुरस्कार सुरू झाला. निकष आहेत सचोटी, सहृदयता आणि समुदायावरची असामान्य निष्ठा. जँगो या दुसऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात माल्कम ट्रेडिनिक स्मृती पुरस्कार आहे. २०१३मध्ये गेलेल्या या ऑस्ट्रेलियन विकासकाच्या नावाने, नवख्यांना सामावून घेणाऱ्या आणि वाढवणाऱ्या व्यक्तीचा तिथे गौरव होतो. भारतात पायथनवाल्यांनी २०१२पासून केनेथ गोन्साल्विस पुरस्कार दिला.

‘उत्कृष्ट योगदान’ असं नाव असलं की निवड समिती आकडे मागवते. आरनचं नाव असलं की समितीला एका विशिष्ट माणसाच्या वागण्याशी उमेदवार ताडून पाहावा लागतो. तिथे नाव हाच निकष होतो. पर्लवाल्यांचा ‘व्हाइट कॅमल’ १९९९पासून कोडपलीकडच्या कामासाठी दिला गेला. ते धोरण उत्तमच, पण उंटाचं नाव कसं वागावं हे सांगत नाही.

इथवर आल्यावर माझ्या प्रोग्रामर स्नेह्यांचा निम्मा मुद्दा मला स्वीकारावासा वाटतो. विज्ञानकथेतला जॉन कॅम्बेल पुरस्कार २०१९मध्ये नामांतरित झाला. त्या वर्षीच्या विजेत्या जेनेट इंग यांनी व्यासपीठावरूनच कॅम्बेल यांच्या विचारांवर प्रहार केला होता. कॅम्बेल बलाढ्य संपादक होते. नवोदितांसाठीच्या पुरस्काराला त्यांचं नाव मिळालं ते त्यांच्या दबदब्यामुळे. म्हणजे धोका माणसाच्या नावात नव्हता, सत्तेच्या नावात होता. खेलरत्नाचा धडाही हाच. म्हणून हयात व्यक्तीचं नाव नको, प्रायोजक कंपनीचं नको आणि केवळ पदामुळे मोठ्या झालेल्याचं नको. गोन्साल्विसही भारतातल्या पायथन संस्थेचे अध्यक्ष होते, पण त्यांच्या नावाने गौरव होतो तो पायथनचा प्रसार करणाऱ्यांचा, अध्यक्षपदाचा नव्हे.

आणखी एक अट मी घालेन. हे नाव का दिलं, हे पुरस्कारासोबत कायम लिहिलेलं असावं. त्या माणसाला ओळखणारी पिढी सरली की मागे फक्त आडनाव उरतं आणि निकष हरवतो. उद्या नाव बदलण्याची वेळ आलीच तर तेही कारणांसह, सर्वांसमोर व्हावं. प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या समुदायाला हे जड जाऊ नये.

मराठीत भाषांतर करणारे, टंक घडवणारे, दोष कळवणारे, शिकवणारे कितीतरी लोक आहेत. त्यांच्यासाठी पुरस्कार उभा राहील तेव्हा त्याला संस्थापकाचं किंवा देणगीदाराचं नाव देण्याचा आग्रह होईल. तो नाकारावा. ज्याच्यामुळे इतरांना काम करावंसं वाटलं आणि जो आज आपल्यात नाही, अशाचं नाव शोधावं आणि ते का निवडलं हे चार ओळींत लिहावं. त्या चार ओळी लिहिता आल्या नाहीत, तर पुरस्कार कशासाठी द्यायचा हेच अजून ठरलेलं नाही असं समजावं.