घर सोडविण्याची मुदत

(शास्त्रभाग : लेवीय २५:२५-३१)



मोशेच्या नियमशास्त्रांत घरासंबंधानें एक भेद केलेला आहे. तटबंदीच्या नगरांतील घर विकलें गेलें, तर तें एका वर्षाच्या आंत सोडवून घेतां येत असे. वर्ष लोटलें कीं तें कायमचें गेलें. खेड्यांतील घर मात्र शेताप्रमाणें गणलें जाई. तें केव्हांही सोडवितां येई, व योबेल वर्षीं मूळ धन्याकडे परत जाई.

असाच स्थळपरत्वें भेद आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दिसतो. तेथें गहाण घराच्या जप्तीचे कायदे संस्थानागणिक निराळे आहेत. टेक्सासांत दावा न लावितां राहतें घर विकतां येतें. थकबाकी भरण्यास निदान २० दिवस, मग लिलावाची निदान २१ दिवसांची नोटीस. महिन्याच्या पहिल्या मंगळवारीं बोली होते, आणि त्यानंतर घर सोडविण्याचा हक्क बहुधा उरत नाहीं. मिनेसोटांत लिलावानंतरही बहुधा ६ महिने पैसे भरून घर परत घेतां येतें. १९३३ सालीं, महामंदींत, तेथील कायद्यानें ही मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. सावकारांनीं हरकत घेतली. परंतु १९३४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं तो कायदा उचलून धरिला. एका मतावर किती चुली अवलंबून होत्या!

आपल्या देशांतही २००२ च्या कायद्यान्वयें बँक ६० दिवसांची लेखी नोटीस देऊन, दाव्यावांचून गहाण घराचा ताबा घेऊं शकते. शेतजमिनीस तो कायदा लागू नाहीं, घरास आहे.

बंधूंनो, कायदा दिवस देतो. परंतु ऋणको पुष्कळदां लाजेनें नोटिशीचें पाकीटच फोडीत नाहीं. शेजाऱ्यास कळेल, मंडळींत नांव जाईल, या भीतीनें तो गप्प बसतो, आणि दयेसाठीं नेमलेले दिवस एकामागून एक सरून जातात.

म्हणूनच शास्त्रानें मुदतीबरोबर सोडविणारा आप्तही नेमिला. उपदेशकहो, पंचहो, तो आप्त तुम्ही व्हा. आपणांपैकीं कोणाजवळ सारें कर्ज फेडण्याइतका पैसा नसेल. परंतु त्याच्या ओट्यावर बसून नोटीस वाचून दाखविणें, दिवस मोजणें, त्याच्यासंगतीं बँकेंत वा वकिलाकडे जाणें, एवढें तर आपल्या हातीं आहे. आणि जो ऋणांत आहे त्यानें आजच तोंड उघडावें. ज्या प्रभूनें आपणां सर्वांस खंडून घेतलें, त्याच्या घरांत कर्जदारानें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.