दारापुढची जागा

नवी गाडी घरी आली की आपण तिला हळदकुंकू वाहतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, सोसायटीत पेढे वाटतो. किंमत, हप्ता, विमा, मायलेज, सगळ्याची चौकशी त्याआधीच झालेली असते. ती रात्री उभी कुठे राहणार, हे मात्र बऱ्याच घरांत कुणी विचारत नाही. दारापुढचा रस्ता आहेच, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की ती जागा आपली नाही, आणि गाडीच्या जागेचा हिशेब गाडी घेण्याआधीच घरात व्हायला हवा.

पुण्यातल्या कोथरूडचंच उदाहरण घेऊ. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, भुसारी कॉलनी या वस्त्या उभ्या राहिल्या तेव्हा घरटी फार तर एक स्कूटर असे. आज तिथल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतींच्या जागी पुनर्विकासात उंच इमारती येत आहेत. बिऱ्हाडं वाढली, गाड्या वाढल्या, आतली गल्ली मात्र होती तेवढीच राहिली. वीस फुटी गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या आणि प्रत्येकीला सहा फूट धरले, तर मधे उरतात आठ फूट. अग्निशमन दलाचा मोठा बंबच जवळपास आठ फूट रुंद असतो. आग लागली तर तो आत यायचा कसा? शिवाय उभ्या गाडीला पुढेमागे हलायला धरून सव्वाशे चौरस फूट तरी लागतात. एवढी खोली याच भागात भाड्याने घ्यायची तर दरमहा हजारो रुपये मोजावे लागतील. रस्त्यावर तीच जागा फुकट मिळते. मात्र त्याच कडेला कुणी भाजीची हातगाडी लावली, तर अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसताच मेथीच्या जुड्या ताडपत्रीत गुंडाळून त्याला पळावं लागतं. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला, तरीही ही धावपळ थांबलेली नाही. चार तास उभं राहून गल्लीची गरज भागवणारा अतिक्रमण करतो आणि आठवडाभर न हललेली गाडी करत नाही, हा न्याय मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल, आम्ही रोड टॅक्स भरतो. भरतो, पण तो रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी. रस्त्याचा तुकडा कायमचा अडवून ठेवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जुन्या इमारतींत पार्किंगच नाही, मग माणसांनी करायचं काय? त्यांना वेळ द्यायला हवा, जवळपास सामायिक वाहनतळ द्यायला हवेत. पण नव्याने घेतल्या जाणाऱ्या गाडीला ही सबब चालू नये. जपानने १९६२ साली कायदाच केला, की गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला द्या आणि मग गाडी घ्या. आपल्याकडेही २०२५ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी असा विचार बोलून दाखवला. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने तर मार्च २०१८ मध्येच सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर केलं होतं. विरोध झाला आणि ते मागे पडलं. तो विरोध आपणच केला, हे विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांच्या नावाने घेतला जातो. गाडी दाराशी नसेल तर त्यांचे हाल होतील, असं म्हणतात. ज्यांना चालताच येत नाही त्यांच्यासाठी दाराशी जागा राखून ठेवावी, त्याला कोण नाही म्हणेल? पण कोथरूडमधले कितीतरी ज्येष्ठ रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन पायीच दूध-भाजीला निघतात. पदपथावर चढवलेल्या गाडीमुळे त्यांना खाली उतरावं लागतं, दोन बंपरांमधून वाट काढावी लागते आणि मागून येणारी रिक्षा चुकवावी लागते. ज्यांची ढाल आपण पुढे करतो, त्यांचीच वाट आपण अडवतो. वनाझपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो मार्च २०२२ मध्ये धावू लागली, पण घरापासून स्थानकापर्यंत धड चालता आलं नाही तर माणूस पुन्हा गाडीचीच किल्ली उचलणार.

गाडी वाईट नाही. आजारपणात, प्रवासात, भर पावसात ती मोठा आधार असते. पण गाडी आपली आणि तिची जागा मात्र सगळ्यांची, हा व्यवहार सरळ नाही. म्हणून पुढची गाडी ठरवताना शोरूमला जाण्याआधी टेप घेऊन आपल्या सोसायटीचं आवार मोजावं. जागा असेल तर गाडी जरूर घ्यावी. नसेल तर जागेचं भाडं हप्त्यात धरावं, आणि ते परवडत नसेल तर ती गाडीही आपल्याला परवडत नाही, हे मान्य करावं.